गोठ्यातला लेथ

"आधी गाडीतनं उतरवून घ्या, मग काय भांडायचं ते भांडा," असं टेम्पोवाला पुन्हा पुन्हा म्हणत होता, तरी आई दारातून हलली नाही. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले होते. टेम्पोत ताडपत्रीखाली माझा लेथ होता. गल्लीतली निम्मी माणसं आपापल्या कट्ट्यावर येऊन बसली होती. आणि मी, पाटबंधारे खात्यातला तिशी ओलांडलेला ड्राफ्ट्समन, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होतो.

"जया, हे घरात येणार न्हाई."

"घरात नाही गं, गोठ्यात ठेवणार आहे."

"गोठा काय घराच्या भाईर हाय?"

"म्हस विकल्यापासनं मोकळाच तर पडलाय."

"म्हस दूध द्यायची. हे काय देणार? एक हात घेऊन बसलंय, आता दुसरा द्यायचाय व्हय त्याला?"

कट्ट्यावरची माणसं हसायची थांबली. माझी बायको शैलजा आईच्या मागं उभी होती. तिला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं आणि तिचा चेहरा बघून कळत होतं, की या बाबतीत ती आईच्या बाजूनं आहे.

तेवढ्यात आबा बाहेर आले. उजवा हात नेहमीसारखा पायजम्याच्या खिशात. आईच्या हाताखालून वाकून ते टेम्पोपाशी गेले, डाव्या हातानं ताडपत्रीचं टोक उचलून त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईला म्हणाले, "येऊ दे आत." आणि पुन्हा माजघरात जाऊन पेपर वाचायला बसले.

आईचे हात चौकटीवरून आपोआप खाली आले. आबा असं म्हणतील हे तिला स्वप्नातही वाटलं नसणार. मलाही नव्हतं वाटलं.

आबा टर्नर होते, लेथवर लोखंड कातणारे. पोवार मिस्त्री म्हटलं की उद्यमनगरात लोक ओळखायचे. मी शाळेत असताना एका हिवाळ्यात लेथवर त्यांचा उजवा हात गुंतला आणि तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली, तीही ताठरच. फुल शर्टची बाही गुंतली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि त्यामुळं त्यांचं फार हसं झालं. कारण पोरांच्या बाह्यांवरून सगळ्यांत जास्त ओरडणारा मिस्त्री म्हणजे आबाच. कोपराच्या खाली बाही दिसली की पोराला मशीनवरनं हाकलून द्यायचे. "दुसऱ्याच्या बाह्या वर करता करता स्वतःची विसरला," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. नंतर आबा एका थिएटरच्या सायकल स्टँडवर बसू लागले. मी मित्रांबरोबर सिनेमाला गेलो की ते डाव्या हातानं मला बिल्ला द्यायचे आणि मी ओळख नसल्यासारखा घ्यायचो.

आईचं मात्र वेगळं होतं. तिच्या माहेरच्या देवीचा दोरा ती दरवर्षी आबांच्या मनगटाला बांधायची. पिवळ्या-तांबड्या रेशमाचा, स्वतः पीळ घातलेला आणि देवीच्या पायाला लावून आणलेला. अपघात झाला त्या वर्षीही बांधला होता. घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "दोरा हुता म्हणून जीव वाचला बघा. हातावर निभावलं. न्हाईतर मशीन काय अख्खं माणूस ओढून घेतंय." ती हे सांगू लागली की आबा उठून परड्यात जायचे. त्यांना त्या आठवणीनं त्रास होत असेल असं मला वाटायचं.

मला तिनं ड्राफ्ट्समन केलं तेही याचमुळं. कागदावरचं मशीन हात ओढत नाही, एवढाच तिचा हिशोब. मी इतकी वर्षं धरणाच्या दरवाजांचे स्क्रू आणि दांडे कागदावर काढत आलो होतो. रेघ केसाइतकी बारीक, माप चोख. पण माझ्या हातून आयुष्यात एक दांडा कातून निघाला नव्हता. टेबलावर मावेल एवढं वाफेचं इंजिन स्वतःच्या हातानं करावं, हे खूळ माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक म्हणाले असते, लग्न झालेला माणूस खेळणी करतोय.

मग चौगुल्यांचा कारखाना बंद होत असल्याचं कळलं. कोपऱ्यात हा लेथ पडला होता. स्वातंत्र्याच्या आधी बोटीनं आलेला, कापडी पट्ट्यावर चालणारा. अंगावरची इंग्रजी अक्षरं हात लागून लागून पुसट झालेली. चाकाला हात लावला तर ते सहज फिरलं, आणि मी तिथंच विरघळलो.

"वापरणार असाल तर देतो," चौगुले म्हणाले. "शोभेला ठेवणार असाल तर भंगारवाला दारात उभाच आहे."

"वापरणार आहे."

"पोवार मिस्त्रींचा मुलगा ना तुम्ही? मग काय, शिकवायला घरातच माणूस आहे."

मी हो म्हणालो. काय म्हणणार?

घरातल्या माणसाला मी एकदा विचारूनही पाहिलं. "आबा, कातायचं हत्यार नेमकं किती उंचीला लावायचं, तेवढं दाखवता?"

"मला काय आठवत न्हाई आता," म्हणाले, आणि पेपर तोंडापुढं धरला.

मग मी आणि एक जुनं पुस्तक. सुट्टीच्या दिवशी गोठ्यात जायचं, गव्हाणीवर पुस्तक उघडं ठेवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पहिल्यांदा हत्यार लोखंडाला टेकवलं तेव्हा सगळा लेथ थरथरला आणि असा किंचाळला की शेजारची कोंबडी पत्र्यावरनं खाली पडली. पुढच्या खेपेला हत्यारच मोडलं. एकदा लोखंडाचा तापलेला कीस कॉलरमध्ये शिरला आणि मी गोठ्यात एकटाच नाचलो.

हे सगळं आता हसत सांगतोय, पण तेव्हा मला भीती वाटायची. साधीसुधी नव्हे. लेथचा चक, म्हणजे लोखंड आवळून धरणारा तो फिरता जबडा, त्याच्याकडं बघितलं की मला आबांचा खिशातला हात दिसायचा. तळव्याला घाम सुटायचा आणि घामेजल्या हातानं मशीनला शिवू नये असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मग हात पुसायचे, पुन्हा घाम. शैलजा स्वयंपाकघराच्या खिडकीतून अधूनमधून हाक मारायची. काही काम नसायचं. मी ओ देतोय का, एवढंच तिला ऐकायचं असायचं.

"तुम्हाला एवढी भीती वाटते तर विकून का टाकत नाही?" एकदा तिनं विचारलं.

"भीती कुठं वाटते?"

"जेवताना हात कापतोय तुमचा. वरणाची वाटी वाजते."

विकून टाकणं शक्य होतं. पण मग आयुष्यभर नुसत्या रेघाच ओढत बसलो असतो आणि हे मला आणि गल्लीला दोघांनाही माहीत झालं असतं.

एका रविवारी मी चकमध्ये दांडा आवळला, आवळायची किल्ली तशीच चकमध्ये राहिली आणि मी बटणाकडं हात नेला.

"किल्ली!"

मी जागच्या जागी गोठलो. आवाज मागच्या झरोक्यातून आला होता. बटण दाबलं असतं तर ती किल्ली गोळीसारखी सुटून माझ्या छातीत बसली असती. मी ती काढली, हातातून खाली पडली, पुन्हा उचलली. बाहेर धावलो तर आबा परड्यातल्या शेवग्यापाशी पाठमोरे उभे होते. झरोक्याखालचं गवत पार दबून गेलं होतं. म्हणजे ते एकदाच तिथं आले नव्हते.

"आबा, आत या ना."

"शेंगा लागल्यात का बघाय आलतो," म्हणाले, आणि घरात गेले.

पण ती आरोळी आईनंही ऐकली होती. पुढच्या आठवड्यात आबा आत्याच्या गावाला गेले, आणि आई कुणाला न सांगता माहेरी जाऊन आली. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर पायातली चप्पल काढायच्या आत म्हणाली, "हात आण."

"कशाला?"

"आण म्हटलं न्हवं?"

मी उजवा हात पुढं केला. तिनं दोऱ्याचे दोन वेढे दिले, गाठ मारली, वर आणखी एक मारली. नवं रेशीम होतं, चांगला घट्ट पीळ. बांधताना तिचे ओठ हलत होते. "लेकरू यायचंय आता घरात," म्हणाली. "तुझं खूळ तू सोडणार न्हाईस. मग हे तरी असू दे."

माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. तरी खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बरं वाटलं. आणि पुढच्या रविवारी सकाळी मशीनवर उभा राहिलो तर हात कापत नव्हता. हत्यार नीट बसलं, कीस लांबलचक वेटोळं होऊन सुटू लागला, लेथचा आवाज एकसारखा झाला. वाफेच्या इंजिनाचा पहिला दांडा माझ्या हातून गोल निघत होता. आईच्या दोऱ्यानं एवढं केलं म्हणून मी मनातल्या मनात तिचे आभारही मानले.

दांडा कातून झाला. आता त्याला पॉलिश मारायचं. त्यासाठी पॉलिश पेपरची पट्टी फिरत्या दांड्यावर दोन्ही हातांनी धरावी लागते. मी वाकलो. दांडा चमकायला लागला. चकपर्यंत गेलं पाहिजे म्हणून हात आणखी डावीकडं सरकवला.

आणि लेथ बंद पडला. चकचा वेग कमी होत होत तो थांबला. वीज गेली असेल म्हणून मी मान वर केली. भिंतीवरच्या बटणापाशी आबा उभे होते. हातात पिशवी होती, आत्याच्या गावाहून आले ते थेट गोठ्यातच आले होते. लेथ आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"हात आण."

आईनं म्हटलं तसंच म्हणाले. मी हात पुढं केला. गव्हाणीवर पत्रा कापायची कात्री होती, ती त्यांनी डाव्या हातात घेतली.

"आबा, आईनं बांधलाय. माहेराहून आणलाय तिनं."

"ठावं हाय मला कुणी बांधलाय ते."

त्यांनी कात्री दोऱ्याखाली घातली. एका दाबात तुटेना. दुसऱ्या दाबात निम्मा तुटला. पत्रा कापायची कात्री होती ती.

"बघितलास?" ते म्हणाले. तिसऱ्या दाबाला दोरा तुटून खाली पडला.

मला राग आला. "आता आईला काय सांगू मी? किती जीव टाकून आणला होता तिनं! तुमचा विश्वास नसेल, पण तिच्या दोऱ्यानंच तुमचा जीव वाचला ना?"

आबांनी खिशातून उजवा हात काढला आणि चकवर ठेवला. तो हात मशीनवर टेकलेला मी कधी पाहिला नव्हता. अंगठा आणि करंगळी लोखंडावर पसरली आणि मधली जागा रिकामी राहिली.

"बाही न्हवती, जया," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"फुल शर्ट मी कवा घातला? लगनात बी न्हाई घातला."

मी खाली पडलेल्या दोऱ्याकडं बघितलं. आणखी विचारायची गरज नव्हती, तरी ते बोलत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलत होते.

"पॉलिश मारत हुतो. तू आत्ता मारत हुतास तसंच. बाही असती तर फाटून सुटली असती. ह्यो फाटत न्हाई. लई चांगला पीळ घालती ती."

"मग सांगितलं का नाही कुणाला? लोक हसायचे तुम्हाला. मी..."

मी पण हसायचो, असं म्हणणार होतो.

"कुणाला सांगू? दवाखान्यात डोळं उघडलं तर ती उशाला बसल्याली. म्हणाली, दोरा हुता म्हणून वाचलासा. तोंडावर जरा उजेड आलता तिच्या. तिला काय सांगू मी?" त्यांनी हात चकवरनं उचलला. "लोकांनी हसून घेतलं. त्यानं काय माझा हात जास्त दुखला न्हाई."

मी गव्हाणीवर बसून राहिलो. माझं मनगट मी दुसऱ्या हातानं घट्ट धरलं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

आबांनी वाकून दोरा उचलला. देवीचा दोरा, तो जमिनीवर कसा ठेवणार? इकडंतिकडं बघितलं आणि लेथच्या पायाशी गुडघ्यावर बसले. डावा हात, अंगठा, करंगळी आणि दात एवढ्यावर त्यांनी तो दोरा लेथच्या बिडाच्या पायाला बांधला. मला हात लावू दिला नाही.

"हितं ऱ्हाऊ दे. हलत न्हाई असल्या जागी," ते म्हणाले. "तिला सांगू, मशीनला बांधलाय म्हणून. बाकी ह्यातलं तिला कायबी कळता कामा नये. समजलं?"

"समजलं."

जेवायला बसलो. आई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. डोळे लालभडक. "लई तिखट कांदा आणलायस," मला म्हणाली. भाकरी वाढायला वळली आणि तिची नजर माझ्या मनगटावर गेली.

"दोरा कुठाय?"

"मीच काढला," आबा घाईघाईनं म्हणाले. "मशीनला बांधलाय. राखण मशीनचीच कराय पायजे, दोरा त्येच्या पायात असला की ते गुमान ऱ्हाईल. खरं का न्हाई?"

एवढं लांबलचक वाक्य आबांच्या तोंडून आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. शैलजासुद्धा बघत राहिली. आता आई आकांडतांडव करणार, गोठ्यात जाणार, नवा दोरा आणते म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली.

"बरं केलंसा," आई म्हणाली. "कालवण निवालंय, घ्या."

एवढंच. आबांनी माझ्याकडं बघितलं. निभावलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मीही सुटकेचा श्वास टाकला.

त्या दिवसापासून आबा गोठ्यात येऊ लागले. म्हशीच्या खुंट्यापाशी स्टूल टाकून बसायचे. फार शिकवायचे नाहीत, फक्त नको तिथं हात गेला की खाकरायचे. माझी भीती गेली नाही, पण तिला सोबत मिळाली. आई दारापर्यंत चहा आणून ठेवायची आणि कप वाजवून परत जायची. घरी पाहुणे यायचे, हाताचा विषय निघायचा. दोऱ्यानं जीव वाचला, हे आई आता सांगत नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. न बोललेली गोष्ट कुणाच्या ध्यानात येते?

आज आबा नाहीत आणि आईही नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही. वाफेचं इंजिन कपाटावर आहे, पाणी तापवलं की चालतं. लेथच्या पायाला दोरा अजून तसाच आहे, तेलानं काळा पडलेला.

माझ्या मुलीचं बारसं झालं त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. नाव ठेवून झालं. शेजारच्या अक्काताई काळा दोरा घेऊन पुढं आल्या आणि त्यांनी बाळाची मूठ धरली.

"हाताला नको," आई म्हणाली.

"अगं, नजर लागंल पोरीला."

"हाताला नको म्हटलं न्हवं? पाळण्याच्या खांबाला बांधा. हलत न्हाई असल्या जागी."

मी घुगऱ्यांची परात धरून उभा होतो, ती माझ्या हातात तिरकी झाली. हे शब्द गोठ्यात बोलले गेले होते आणि तिथं आम्ही दोघंच होतो. दोघंच होतो असं आम्हाला वाटत होतं. झरोक्याखालच्या त्या दबलेल्या गवतावर त्या दिवशी कोण उभं होतं आणि कांदा कशामुळं एवढा तिखट लागला होता, हे मला तेव्हा कळलं.

आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते आईकडं बघत होते. आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्या हातातली परात घेऊन ती सगळ्यांना घुगऱ्या वाटत वाटत त्यांच्यापर्यंत गेली. आबांनी सवयीनं डावा हात पुढं केला.

"उजवा," आई म्हणाली.

आबा थांबले. मग त्यांनी सगळ्या बायकांसमोर खिशातला हात बाहेर काढला. त्यातून सांडू नये म्हणून आईनं खाली आपली ओंजळ धरली आणि मूठभर घुगऱ्या त्या हातावर ठेवल्या.